मयताची घंटा

“हात आलाय,” आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या पायांवरचं लुगडं ओढून सारखं केलं.

मी पहिलटकरीण. मला वाटलं, बरं झालं, काहीतरी तर आलं. कालपासून कळा देऊन देऊन अंगातला जीव गेला होता. हात आला म्हणजे मागोमाग बाकीचं येईल, असा माझा भाबडा हिशेब. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कपाळाला हात लावून भिंतीशी बसल्या. या बाईनं वस्तीतली निम्मी पोरं आपल्या हातांवर घेतली होती. त्यांना असं हातपाय गाळून बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

“मास्तर!” त्यांनी दाराकडे हाक मारली. माझ्या नवऱ्याचं नाव नथानेल, पण सगळी वस्ती त्यांना मास्तर म्हणायची, म्हणून त्यांची आईही मास्तरच म्हणायची. “मास्तर, बाळ आडवं आलंय. हे माझ्या हातातलं काम न्हाई. मिशनच्या दवाखान्यात न्यावं लागंल, आन् आत्ताच्या आत्ता.”

मास्तर दारात उभे राहिले. बाहेर पाऊस भुरभुरत होता. भादव्याचा महिना होता, आठवडाभर झड लागलेली. आमच्याकडची जमीन काळी, चिकण. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती माणसाला गुडघ्यापर्यंत गिळते. बैलगाडी वेशीबाहेर निघाली की चाकं तिथंच रुतायची. पक्की सडक तीन कोसांवर, फाट्याला. तिथं गेलं तर एखादा ट्रक मिळायचा. आता त्या वाटेवर डांबर आहे आणि माझे नातू ती मोटारसायकलवर चहा निवायच्या आत कापतात. तेव्हा पायांशिवाय काही चालत नव्हतं.

“बाजेवर घालून नेऊ,” मास्तर म्हणाले.

“कोण नेणार? तू आन् मी?”

खरी गोम तिथं होती. त्या चिखलाच्या राबडीत चौघांनी बाज उचलली तर शेताच्या बांधापर्यंत जाईस्तोवर चौघांची दमछाक होते. मागून दुसरे चौघं लागतात, त्यांच्या मागून तिसरे. म्हणजे सगळी वस्ती लागते. आमची वस्ती पंचवीस-तीस घरांची, सगळी ख्रिस्ती, मध्ये एक दगडी चर्च. मूळ गाव ओढ्यापलीकडे, आणि ओढ्याला पूर होता. जे काय व्हायचं ते वस्तीनंच करायचं. आणि वस्ती आमच्याशी बोलत नव्हती.

त्याचं असं झालं होतं. आदल्या वर्षी बांधाच्या भांडणात गावातल्या एका माणसाचं डोकं फुटलं. पोलीस आले. आमच्या वस्तीतल्या शामुवेल उजागरेवर आळ आला. तो त्या वेळी तिथं नव्हताच, असं सगळ्यांनी सांगायचं ठरलं. ज्याला ज्याला विचारलं त्यानं तसं सांगितलंही. मास्तरांना कोर्टात बायबलावर हात ठेवायला लावला आणि हा माणूस म्हणाला, “होता. काठी त्याच्याच हातात होती.” शामुवेलला सक्तमजुरी झाली.

मास्तर खरं बोलले, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर राग जास्त होता. चर्चच्या पंचांनी ठरवलं, या घराशी बोलणं बंद, देणंघेणं बंद, लग्नाबारशाला जाणं बंद. चर्चमध्ये आम्ही जायचो, पण आमच्या शेजारी दुसरं कोणी बसायचं नाही. मी तर बोर्डिंगात वाढलेली, आईबापाविना. पहिलं बाळंतपण माहेरी करतात. मला माहेरच नव्हतं. लग्न करून आले तेव्हा वाटलं होतं, आता एवढी घरं आपली. पुरतं वर्षही झालं नव्हतं आणि ती सगळी गेली.

मास्तर पायात वहाणा न घालताच निघाले. मी पडल्या पडल्या कान देऊन होते. कळ आली की काही ऐकू यायचं नाही, कळ ओसरली की दारं ऐकू यायची. एक दार वाजायचं, मग काही बोलणं, मग दार लागायचं. मास्तर परत आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलानं माखले होते.

“काय म्हणतात?” आत्याबाईंनी विचारलं.

“हाबेलअण्णांना विचारा म्हणतात.”

“मग? विचारलंस?”

“अण्णा म्हणाले, पंचांची बैठक घ्यावी लागेल. सगळे जमले की सांगतो.”

हाबेलअण्णा बोर्डे पंचांचे पुढारी. माणूस वाईट नव्हता, पण नेमाचा मोठा भोक्ता. घराला आग लागली तरी आधी बैठक बोलावली असती.

आत्याबाई उठल्या. शेजारचं घर शामुवेलच्या धाकट्या भावाचं, याकोबचं. आमची आणि त्यांची भिंत एकच होती. आत्याबाई तिथं जाऊन दारात उभ्या राहिल्याचं मला इथून कळलं.

“सगुणा, बाहेर ये.”

याकोबची बायको सगुणाबाई बाहेर आली असावी.

“तुझी तिन्ही पोरं मी काढली,” आत्याबाई म्हणाल्या. “धाकट्याच्या वक्ताला दोन दिस तुझ्यापाशी बसले. आज माझी सून चाललीय. याकोबला सांग. त्यो उठला तर बाकीचे उठतील.”

“काकू, मला का ठाऊक न्हाई?” सगुणाबाईचा आवाज रडवेला होता. “पण माझी जाऊ आत बसलीय. तिचा नवरा खडी फोडतोय तिकडं. मी तिच्यादेखत याला तुमच्याकडं कशी पाठवू?”

“आन् पोर मेली तर?”



“मयताला येऊ, काकू,” सगुणाबाई म्हणाली. “मयताला काही बंदी न्हाई. तेवढं पंचांनी ठेवलंय.”

ती हे दुष्टपणानं बोलली नाही. पंचांनी खरंच तेवढं ठेवलं होतं. कोणाचं प्रेत उघड्यावर पडू नये म्हणून मरण सोडून बाकी सगळं बंद. ती बिचारी होतं ते सांगत होती. पण मला ते भिंतीआडून ऐकताना असा राग आला, की कळ विसरले. मेल्यावर हे सगळे येणार होते. आत्ता मी जिवंत होते, हीच माझी अडचण होती.

आत्याबाई घरात परत आल्या नाहीत. मास्तर माझ्या उशाशी बसले होते. त्यांना प्रार्थना करायची होती आणि शब्द येत नव्हते. मी म्हटलं, “करू नका. पाणी द्या.” त्यांनी पाणी दिलं. त्यातलं अर्धं माझ्या गळ्यावर सांडलं.

तेवढ्यात चर्चची घंटा वाजली.

रविवारची घंटा घाईघाईची असते. मयताची वेगळी. एक ठोका द्यायचा, मग थांबायचं. प्रभूची प्रार्थना एकदा म्हणून होईल एवढं थांबायचं, मग दुसरा ठोका. बोर्डिंगात लहानपणापासून हीच सवय लावलेली होती, की ठोका ऐकला की हात जोडायचे आणि गेलेल्यासाठी ती प्रार्थना म्हणायची. मी तशाही अवस्थेत हात जोडले.

“कोण गेलं हो?” मी मास्तरांना विचारलं.

“कुणास ठाऊक. थोमाआजा आजारी होता.”

दुसरा ठोका पडला. मी पुन्हा प्रार्थना म्हणायला लागले आणि मध्येच मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आई बसली होती त्या भिंतीकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

“आई,” ते म्हणाले.

तेव्हा मला कळलं, की मी माझ्याच नावानं हात जोडून बसले होते.

पुढचं मला नंतर कळलं. घंटेचा दोर आत्याबाईंच्या हातात पाहून हाबेलअण्णांनी विचारलं, “कोण?” आणि आत्याबाई म्हणाल्या, “माझी सून.” जन्मात ती बाई कधी खोटं बोलली नव्हती, मास्तरांचा हट्टी खरेपणा आला होता तो तिच्याकडूनच. एवढं बोलून त्या दोर ओढत राहिल्या.

मयताची घंटा झाली की आमच्या वस्तीत कोणी कोणाला बोलवायला जात नाही. चूल पेटलेली असो, ताटावर बसलेलं असो, उठायचं. पहिले येतात त्यांनी चर्चच्या ओसरीतली मयत न्यायची खाट उचलायची. लांब दांड्यांची, सागवानी खाट. एका वेळी आठ खांदे लागतात. बायकांनी घरात शिरायचं. आणि उजागरेंच्या घरानं कुदळ-फावडं घेऊन थेट दफनभूमीत जायचं, कारण कबर खणायचा मान पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा.

अंगणात पायांचा चुबुक चुबुक आवाज झाला. किती माणसं होती देव जाणे. वर्षभर आमच्या अंगणाकडे न फिरकलेली ती माणसं. पुरुषांनी टोप्या काढल्या. बायकांनी दारातूनच गळा काढला आणि त्यात सगुणाबाईचा सूर सगळ्यांत वर होता. ती पदर तोंडाशी धरून आत आली, माझ्यावर वाकली, आणि मी तिच्याकडे टकमक बघत होते.

“अगं बाई!” ती किंचाळली. “जितीय ही!”

“जितीच हाय,” आत्याबाई मागून म्हणाल्या. दोर ओढून त्यांचे तळवे सोलले होते. “म्हणून तर बोलावलं.”

रडणं टाकोटाक थांबलं. हाबेलअण्णा पुढं झाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. त्यांचा संताप तसाच असायचा.

“मारथाबाई, जित्या माणसाची मयताची घंटा वाजवलीत?”

“कळांची घंटा आपल्या मंडळीत न्हाई, अण्णा. असती तर ती वाजवली असती.”

“हे खोटं आहे. चर्चमध्ये उभं राहून खोटं बोललात.”

“बोलले. त्याचं काय करायचं ते मागनं करा. खाट आणलीय न्हवं? उचला. न्हाई उचलायची तर इथंच बसा सगळे. घटकाभरानं तुमच्या नेमात बसंल असं मयत होईल, मग उचला.”

मी ओरडले. मुद्दाम नाही, कळ आली होती. पण माझं ते ओरडणं ऐकून दारातली दोन माणसं मागं सरली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या पायांवरच्या रक्ताळलेल्या लुगड्याकडे पाहिलं. मग त्यांनी डोक्यावर टोपी घातली.

“खाट आत घ्या,” ते म्हणाले.

त्या खाटेवर आजवर जितं माणूस कोणी झोपलं नव्हतं. क्षणभर कोणाचा हात पुढं होईना. सगुणाबाई पळत घरी गेली आणि स्वतःची गोधडी घेऊन आली. ती तिनं खाटेवर दुहेरी अंथरली, माझ्या अंगाला ते लाकूड लागू नये म्हणून. तिची जाऊ दारातून बघत होती. सगुणाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही.

मला उचललं. वरून पाऊस सरळ तोंडावर येत होता. कोणीतरी माझ्यावर घोंगडी धरली, ती वाऱ्यानं उडाली, पुन्हा धरली. खाली चिखलात पाय पडत होते आणि निघत होते. आठ जणांची पावलं एकमेकांत येईनात. खाट कधी या अंगाला कलायची, कधी त्या. प्रत्येक हिसक्याला माझ्या पोटात सुरी फिरायची. “थांबा,” मी म्हणायचे. “थांबू नका,” आत्याबाई म्हणायच्या.

“गाणं म्हणा रे,” मागून कोणी म्हणालं. “गाण्याबिगर पाय पडायचा न्हाई.”

पण त्या खाटेखाली त्यांनी जन्मभर मयताचीच गाणी म्हटलेली. एकानं सवयीनं तेच सुरू केलं, तशी आत्याबाई त्याच्यावर कडाडल्या. मग कोणाला दुसरं गाणं सुचेना. शेवटी एका पोरीनं नाताळचं भजन काढलं. भर भादव्यात, गुडघाभर चिखलात, बेथलेहेमाच्या गोठ्याचं भजन. दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते. पण त्याचा ठेका बरोबर पडला. पावलं जुळली. खाट सरळ झाली.

फाट्याकडे जाणारी वाट दफनभूमीवरून जाते. कुंपण नाही, नुसती निवडुंगाची रांग. तिथं आलो आणि भजन एकाएकी बंद पडलं. मी मान वळवली.

याकोब कमरेपर्यंत खड्ड्यात उभा होता. एकटाच. कडेला काळ्या मातीचा ढीग, ओला, चकाकणारा. त्याच्यापर्यंत घंटा पोचली होती, मारथाबाईंची सून गेली एवढंच पोचलं होतं. पुढचं सांगायला कोणी आलं नव्हतं. आमच्यावर त्याचा राग सगळ्या वस्तीत जास्त. तरी तो पावसात एकटा माझी कबर खणत होता.

माझी कबर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. लांबी माझ्याच मापाची होती. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, त्याआधीही नाही आणि त्यानंतरही नाही. मला वाटलं, हे सगळं ठरलेलंच आहे, ही माणसं मला दवाखान्यात नेतच नाहीयेत.

“भाऊजी,” मी त्याला म्हटलं, “मला त्यात घालू नका.”

याकोबच्या हातातली कुदळ तशीच राहिली. त्यानं अण्णांकडे पाहिलं.

“जितीय,” अण्णा म्हणाले. “बाळ अडलंय. फाट्याला नेतोय.”

कुदळ खड्ड्यातच टाकून तो वर चढला, चिखलाचे हात धोतराला पुसले, आणि पुढच्या दांडीखालच्या माणसाला म्हणाला, “बाजूला सर.”

“आरं, पण कबर?” थोमाआजा आजारी असूनही काठी टेकत मागं आला होता, तो म्हणाला. “खणलेली कबर उघडी ठेवू नये. ती कुणाला तरी मागती.”

“मागू दे,” याकोब म्हणाला.

दुसऱ्या बाजूच्या दांडीला मास्तर होते. खालची माणसं बदलत राहिली. दमलेला सरायचा, ताजा शिरायचा. हे दोघं सरले नाहीत. डावा खांदा सोलला की उजवा द्यायचे, पण दांडी सोडायचे नाहीत. मी त्या दोघांची डोकी वरून बघत होते. इतके दिवस ती डोकी समोरासमोर आली की एक इकडे वळायचं, एक तिकडे. पुढच्या उतारावर याकोब म्हणाला, “मास्तर, डाव्या अंगाला खड्डा हाय.” मास्तर म्हणाले, “बघितला.” कोर्टानंतर त्यांच्यात झालेलं ते पहिलं बोलणं.

फाट्यावर कांद्याचा ट्रक थांबवला. तिथून बाकीची माणसं माघारी फिरली. ट्रकमध्ये आत्याबाईंना जागा होईना. मास्तर चढले, आणि मला धरायला दुसरा माणूस हवा म्हणून याकोब चढला. पुढचं मला तुटक तुटक आठवतं. कांद्याचा वास, दवाखान्यातला पिवळा दिवा, एका नर्सबाईचा थंड हात.

जाग आली तेव्हा पोट हलकं होतं. मास्तर स्टुलावर बसले होते, दंडाला रक्त काढल्याची पट्टी.

“मुलगा होता,” ते म्हणाले.

होता, एवढ्यावर मला सगळं कळलं. मी विचारलं, “कुठाय?”

“त्याला नेलं.”

“कुठं नेलं? कोणी?”

“रिबका, ते विचारू नकोस. मी शब्द दिलाय.”

मी त्यांना तेव्हा जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी त्याचं तोंड पाहिलं नव्हतं. त्याचा एक हात तेवढा या जगात आला होता, तोही मी पाहिला नव्हता. दवाखान्यानं कुठं पुरलं असेल, की नुसतंच टाकलं असेल, हेच डोक्यात फिरत राहायचं. दोन दिवसांनी छातीला दूध आलं. त्या दुधाला कोणी काही सांगितलं नव्हतं. नर्सबाईनं छाती कापडानं घट्ट बांधून दिली आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला मरायचं होतं. कबर तयार होती, हेही आठवायचं.

वस्तीत परत आले तेव्हा चिखल वाळला होता, गाडी सरळ दारापर्यंत आली. आत्याबाईंना मी पहिलं तेच विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. “मास्तर तोंड उघडत न्हाई,” त्या म्हणाल्या. “खऱ्याचा मोठा अवतार! आता आईलासुद्धा सांगंना.” येताना मी दफनभूमीकडे बघितलं होतं. ती कबर बुजवलेली होती. लोक म्हणत होते, याकोबनं रिकामीच बुजवली.

आणि मग तो रविवार आला. उपासना झाल्यावर हाबेलअण्णांनी सगळ्यांना बसवून ठेवलं. मी बायकांच्या बाजूला, पोटाचे टाके सांभाळत जमिनीवर बसले होते. आत्याबाईंना पुढं उभं केलं.

“हिची सून वाचली, याचा मला आनंद आहे,” अण्णा म्हणाले. “पण मयताची घंटा खोटी वाजली. उद्या घंटा झाली तर लोक म्हणतील, आधी बघून येऊ, खरंच कोणी गेलंय का. मग प्रेत पडून राहील. आपल्यात बाकी सगळं तुटलं तरी हे एक तुटलं नव्हतं. मारथाबाई, मंडळीची माफी मागा. नाहीतर तुमच्या घरी मयत झालं तरी घंटा वाजणार नाही, आणि कोणी खांद्याला येणार नाही.”

अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. तेच तर वाईट होतं. आत्याबाईंचं वय झालं होतं. या घरातलं पुढचं मयत कोणाचं असणार, हे सगळ्यांना दिसत होतं. ही शिक्षा त्यांच्या स्वतःच्या मरणाला होती.

“माफी मागा, आई,” मास्तर खालच्या आवाजात म्हणाले.

“न्हाई मागत,” आत्याबाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ होती. “घंटा खोटी वाजवली, कबूल. पुन्हा तशी येळ आली तर पुन्हा वाजवीन. मग माफी कशाची मागू? देवासमोर दोनदा खोटं बोलू काय?”

अण्णांनी मान हलवली. शिक्षा मान्य असणाऱ्यांनी हात वर करा, असं त्यांनी सांगायच्या आत पुरुषांच्या बाजूला मागचं कोणी उठलं. याकोब होता.

“घंटा खोटी कशी म्हणता, अण्णा?” तो म्हणाला. “मयत झालं. मी माती दिलीय.”

“कोणाला?”

“मास्तरांच्या लेकराला.”

माझ्या शेजारी सगुणाबाईनं श्वास आत ओढला. तिलाही माहीत नव्हतं.

“मास्तरांचं रक्त जुळलं,” याकोब म्हणाला. “त्यांना तिथनं हलता येईना. नर्सबाईनं लेकरू फडक्यात गुंडाळून दिलं, म्हणाली कुणीतरी न्या. मग मी आणलं. फाट्यापासनं चालत आणलं. कबर खणलेली होतीच. मोठी झाली त्याला, पण दुसरी कशाला खणायची. मास्तरांना मीच म्हणलो, कुणाला बोलू नका. माझा भाऊ तिकडं हाय. भावजयीला काय तोंड दाखवणार होतो?”

त्याची भावजय, शामुवेलची बायको, बायकांतच बसली होती. तिनं मान खाली घातली. ती उठून गेली नाही.

चर्चमध्ये बायका बोलत नाहीत. मी बोलले.

“भाऊजी, कसा होता?”

याकोबनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “केस लई होते,” तो म्हणाला. “नाक मास्तरांचं. झोपल्यावाणी दिसत होता. मी वाटंत दोन-तीनदा उघडून बघितलं, न जाणो.”

मला तिथं रडू फुटलं. दवाखान्यात रडले होते ते वेगळं होतं. सगुणाबाईनं मला कुशीत ओढलं आणि मी तिच्या खांद्यावर ओक्साबोक्शी रडले, आणि कोणी मला गप्प बस म्हणालं नाही.

हाबेलअण्णा मात्र शेवटी हाबेलअण्णाच. त्यांनी चश्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

“पाळकाविना माती दिलीस,” ते म्हणाले. “प्रार्थना?”

“केली. येईल तशी.”

“आणि नाव? नाव घेतल्याशिवाय आपण कोणाला मातीत ठेवत नाही, याकोब. त्याला तर नावच नव्हतं.”

“घेतलं ना.”

“काय घेतलंस?”



“पाऊस होता, अण्णा. घाई होती. दुसरं काही सुचंना,” तो म्हणाला. “याकोब म्हणालो.”